२० रुपयांचं तिकीट, ११८ कोटींचं चित्र: ‘कळत नाही’ म्हणून आर्ट गॅलरी टाळताय?

एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ चं चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. त्याआधी अनेक दशकं ते ऑस्लोतल्या एका रुग्णालयात टांगलेलं होतं. बातमीखालच्या कॉमेंट ठरलेल्या: ‘यात काय आहे? माझा भाचाही काढेल.’

यात काय आहे, हे फोनवर कळणारच नाही. त्यासाठी मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात जावं लागतं.

तिथे काय आहे?

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए. इमारत १९११ ची, कावसजी जहांगीर हॉल. इथे मैफली झाल्या, सभा झाल्या, पुढे बॉक्सिंगचे सामने आणि लग्नाची रिसेप्शनंही झाली. १९९६ मध्ये आतला हॉल बदलून अर्धगोलाकार मजले आणि वर घुमटाखालचं दालन तयार झालं. भारतीयांना तिकीट २० रुपये. समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले तर तेवढेच जातात.

प्रत्यक्षच का बघायचं?

वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. जन्म नागपूरचा, शिक्षण जे. जे. स्कूलमध्ये. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. स्क्रीनवर त्यांचं चित्र म्हणजे एक पिवळा किंवा राखाडी चौकोन. समोर उभं राहून दोन पावलं डावीकडे सरकलात, तर खालचा थर उजेडात वर येतो. इंजिनीअरिंग करून आलेल्या माझ्यासारख्याला हे पटायला वेळ लागला, पण कितीही मेगापिक्सेलचा कॅमेरा ती खोली सपाटच करतो. (प्रदर्शनं बदलत असतात, गायतोंडे प्रत्येक वेळी भेटतीलच असं नाही.)

आणि हे सगळं बड्या घरांतून आलेलं नाही. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, तेव्हा त्यातले हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवून आलेले होते, तर के. एच. आरा यांनी गाड्या धुऊन पोट भरलं होतं.

मग अडतं कुठे?

माझ्या मते दोष बघणाऱ्याचा कमी आहे. अनेक गॅलऱ्यांत चित्राशेजारची पाटी फक्त इंग्रजीत असते, तीही अशी की इंग्रजी येणाराही दचकावा. दारातच परीक्षा घेतल्यासारखं वाटलं की माणूस परत फिरतो.

पण आपण गेलोच नाही तर आत काय लागणार हे आपल्याशिवाय ठरतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर यांनी स्थानिक सल्लागार समिती रद्द झाल्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तर त्यांना भाषणातच अडवलं गेलं. त्यावर दोन दिवस चर्चा झाली, मग आपण विसरलो.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. इतर दिवशी जा, सगळं बघायचा हट्ट धरू नका. एक चित्र निवडा, फोन खिशात ठेवा, दहा मिनिटं थांबा. पाटी नंतर वाचा. आवडलं नाही तर तसं सरळ म्हणा, फक्त ते चित्रासमोर उभं राहून म्हणा.