रसिकहो, तो मोबाइल खिशात ठेवा!

तिसरी घंटा होते. प्रेक्षागृहातले दिवे मंदावतात, पडदा सरकतो आणि पाचव्या रांगेत एक निळसर चौकोन उजळतो. पाठोपाठ बाजूला दुसरा. प्रकाशयोजनाकाराने रात्री जागून बेतलेला अंधार तिथेच फाटतो. रंगमंचावरच्या नटीला तो चौकोन दिसतो. समोरचा काळोख हाच तिचा आधार असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

रसिकहो, तिकिटाच्या पैशांत आपण प्रयोग पाहण्याचा हक्क घेतला. तो चित्रित करून गावभर वाटण्याचा हक्क त्यात नव्हता! १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि नट, गायक, वादक, नर्तक यांना आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. त्याची मुदत आधी २५ वर्षं होती, १९९९च्या दुरुस्तीने ती ५० झाली. तुम्ही शेवटच्या प्रवेशाचा व्हिडिओ न विचारता समाजमाध्यमांवर टाकता, तेव्हा या हक्कावर आणि संहिता लिहिणाऱ्या नाटककाराच्या हक्कावर एकदमच घाला घालता. रहस्यनाटकाचा शेवट असा फुटल्यावर पुढच्या गावी बुकिंगच्या खिडकीशी कोण येणार?

फोटोची गोष्ट थोडी वेगळी आहे. कायद्यातलं दृश्यमुद्रण म्हणजे हलत्या प्रतिमांचं मुद्रण. म्हणून फोटोला मोकळं रान आहे, असं कोणी समजू नये. प्रयोगाआधी ध्वनिक्षेपकावरून होणारी विनंती फोटोसाठीही असते. अंधारात पायऱ्या उतरणाऱ्या नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश पडला, तर त्याचा पाय चुकतो.

आता नाटकवाल्यांशी बोलायचं आहे, आणि तेही तितक्याच कळकळीने. एकांकिका स्पर्धेची धावपळ चाललेली असते. कोणीतरी मित्राला म्हणतं, ‘ये रे, चार फोटो काढून दे.’ तो रात्रभर राबतो, पैसा घेत नाही. मग ते फोटो जाहिरातीत, फलकावर, स्मरणिकेत झळकतात. त्याचं नाव कुठेच नसतं. आपण इथे सरळसरळ अन्याय करतो. मोबदला दिलेला नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक तो मित्रच असतो. पैसे देऊन काढवून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. पण तेव्हाही ‘हा फोटो माझा’ असं म्हणण्याचा छायाचित्रकाराचा हक्क उरतोच. मालकी विकली तरी तो जात नाही. नटाच्या टाळ्यांसाठी आपण भांडतो, मग विंगेत उभं राहून त्याचा चेहरा जपणाऱ्याच्या नावासाठी का भांडत नाही?

येत्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, प्रत्येक नाट्यसंस्थेने ठरवावं: रंगीत तालीम छायाचित्रकारांसाठी खुली ठेवू, परवानगी आणि मालकी दोन ओळींत कागदावर लिहू, प्रत्येक फोटोखाली नाव छापू. प्रेक्षकहो, तुम्हाला आठवण हवी असेल, तर प्रयोगानंतर कलाकारांना भेटा, विचारा आणि मग खुशाल फोटो काढा. तोवर मोबाइल बंद करा. पुढच्या प्रयोगाची वाट पाहू नका, आजच्याच तिसऱ्या घंटेपासून सुरुवात करा!