न आलेल्यांची नोंद

मानसिक आजाराचा रुग्ण दिलेल्या तारखेला पुन्हा फिरकत नाही, ही सरकारी दवाखान्यांची जुनी तक्रार आहे आणि तिच्यावरचे उत्तरही ठरून गेले आहे: लोक अडाणी आहेत, भगताकडे जातात, जनजागृती करा. मग भिंती रंगतात, 10 ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची फेरी निघते, फोटो निघतात. या उत्तरातली गफलत साधी आहे. जो माणूस एकदा येऊन गेला, त्याने घरच्यांची समजूत काढलेली असते, वेड्यांच्या डॉक्टरकडे जाण्याची लाज गिळलेली असते, चिठ्ठी काढून रांगेत बसलेला असतो. त्याच्यापुरते जागृतीचे काम होऊन गेले. तो दुसऱ्यांदा आला नाही, तर कारण पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधल्या दिवसांत शोधायला हवे. पहिल्यांदाच न येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि मोठाही आहे; 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले होते. पण दोन्ही प्रश्नांना एकच मलम चोळत राहिल्याने दुसरा प्रश्न दिसेनासा होतो.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले तामसी मंडल घ्या. पैनगंगेच्या अलीकडचा हा कापसाचा टापू. कितीतरी घरांत मराठी, काही गुड्यांवर गोंडी, आणि कचेरीत तेलुगू. जिल्ह्याचे रिम्स रुग्णालय विसेक किलोमीटरवर, म्हणजे नकाशात जवळच. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात बायकांना आरटीसीच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसला तिकीटही पडत नाही. तरी अडचण कुठे येते, असे कुणी विचारील. मनाच्या आजाराचा रुग्ण सहसा एकटा जात नाही; सोबत भाऊ किंवा बाप लागतो, आणि एका तपासणीत दोघांची रोजी बुडते. जिल्ह्याच्या कोणत्याही मोठ्या दवाखान्यात चिठ्ठीची एक रांग, डॉक्टरची दुसरी, गोळ्यांच्या खिडकीची तिसरी. डॉक्टरसमोर मिळणाऱ्या चार मिनिटांत 'कानात आवाज येतात का' हा प्रश्न तेलुगूतून आला, तर उत्तर सोबतचा माणूस देतो आणि आपल्या समजुतीने देतो. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पुढची तारीख पडते. ती मृगाच्या पेरणीत येते की ऐन वेचणीत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. त्यात हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळीने अंग ताठरते, हात थरथरतात. ज्याला बोंडातून कापूस काढता येईना, तो गोळी सोडतो. आणि गोळी सोडली म्हणून डॉक्टर रागावतील या धास्तीने तारीखही सोडतो. याला निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे हिशेब न तपासता कर्जदाराला लबाड ठरवणे झाले.

जनजागृतीपेक्षा शहाणा वाटणारा दुसरा उपाय म्हणजे मोबाइलवर आठवण करून देणारा संदेश. त्याला पुरावा आहे, हे मान्य केले पाहिजे. लंडनच्या बार्ट्‌स रुग्णालय समूहात झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एक भेट चुकली की सरकारी आरोग्यसेवेचे सुमारे 160 पौंड जातात एवढे वाक्य संदेशात घातल्यावर न येणाऱ्यांचे प्रमाण 11.1 वरून 8.4 टक्क्यांवर आले. पण तिथे प्रत्येक वेळेवर एकेका रुग्णाचे नाव असते. तो आला नाही की डॉक्टर रिकामा बसतो, पैसा वाया जातो आणि दवाखान्याला ते टोचते. आपल्याकडे वेळ कुणाच्या नावावर नसते, दिवस तेवढा असतो. ज्याला आज बोलावले होते तो आला नाही, तर रांग तेवढी हलकी होते. डॉक्टरला सुटल्यासारखे वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या वेळी मध्य प्रदेशात लाख लोकांमागे 0.05 मनोविकारतज्ज्ञ होते. म्हणून न येणाऱ्याला इथे कुणी मोजत नाही. ओपीडीच्या वहीत आलेल्यांची नावे असतात, महिन्याचा अहवाल आलेल्यांच्या आकड्याने भरतो. ज्या गोष्टीची नोंदच होत नाही ती सुधारली की बिघडली, हे कळणार कसे? संदेश पाठवायला हरकत नाही, पण संदेशाने न आलेल्याच्या घरी पुढच्या आठवड्यात कोण जाणार, हा प्रश्न तसाच उरतो, आणि खरा प्रश्न तोच आहे.

कुणीतरी घरी गेल्याने फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. मध्य प्रदेशातल्या बडवानी भागात स्किझोफ्रेनियाच्या 207 रुग्णांवर झालेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. 127 जणांकडे गावपातळीवरचे कार्यकर्ते जात, 80 जणांना नेहमीची ओपीडी होती. घरी भेटी मिळालेले रुग्ण सामाजिकदृष्ट्या जास्त वंचित होते, तरीही उपचारात तेच जास्त टिकले. गरिबी आणि अडाणीपणा हेच कारण असते, तर निकाल उलटा लागायला हवा होता. पुढे गोवा, सातारा आणि तामिळनाडूतले कांचीपुरम इथे 282 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2014) फायदा मध्यमच निघाला, हेही सांगितले पाहिजे. गावचा कार्यकर्ता म्हणजे जादूची कांडी नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच माणसांना तयार केले, तेव्हा नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. पीकही तेच, कर्जही तेच. पैनगंगेच्या पलीकडच्या विदर्भात जे झाले ते अलीकडे का होऊ नये?

'आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे' हा आक्षेप खरा आहे, आणि तो मोबदला वाढवूनच मिटेल. मात्र डोंगर किती वाढेल तेही पाहावे. तीव्र मानसिक आजारांचे प्रमाण सर्वेक्षणानुसार प्रौढांत 0.8 टक्के, हजार वस्तीच्या गावात ही माणसे पाच-सहा भरतात. क्षयरोगात तारीख चुकली की घरी जाऊन विचारपूस करायची, ही पद्धत मुरलेली आहे. त्या रुग्णाला पोषणासाठी 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000. तेलंगणाने 2022 मध्ये एनसीडी किट काढली, म्हणजे रक्तदाब-मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या पिशवीत घालून घरपोच. वाट मळलेली आहे, पिशवीही आहे. मनाच्या गोळ्या तेवढ्या तिच्यात नाहीत. त्या घातल्या तर, घरी कुणी आले की आजार गावाला कळतो, या गुप्ततेच्या आक्षेपालाही निम्मे उत्तर मिळते, कारण बाहेरून पिशवी तीच दिसते. उरलेले निम्मे उत्तर रुग्णाने द्यायचे: घरी यावे, फोन करावा की दोन्ही नको, हे पहिल्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहावे. 'नको' म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नये. घरभेटीची पाळत होऊ शकते ही भीती मानवी हक्कांची बाजू घेणारे बोलून दाखवतात, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शेवटचा आक्षेप सरकारी आहे: मनाच्या गोळ्या गावाजवळ देणे नियमात बसत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 18 म्हणते की रुग्णाला उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये. लांब म्हणजे किती, ते सांगत नाही. त्याच कलमात मोफत औषधांची हमी मात्र सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सुरू होते. गावाजवळचे प्राथमिक केंद्र तिच्या खाली राहते. कायदा तिथे औषध ठेवायला भाग पाडत नाही, पण मनाईही करत नाही. लिथियम राहू द्या, त्याला रक्ततपासण्या लागतात. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, फ्लुऑक्सेटिन आणि हात थरथरण्यावरची ट्रायहेक्सिफेनिडिल, एवढी चार नावे प्राथमिक केंद्राच्या मागणीपत्रात चढवायला आणि वहीत 'आज यायचे होते, आले नाहीत' असा एक रकाना आखायला विधानसभेत जावे लागत नाही.