आजोबांचे मैदान

गेल्या वर्षी एका चर्चासत्राच्या निमित्ताने हैदराबादेस जाणे झाले. बरोबरच्या प्राध्यापक मंडळींनी उस्मानिया विद्यापीठाच्या भव्य आर्ट्स कॉलेजसमोर हौसेने फोटो काढून घेतले. मी मात्र खेळाचे मैदान कुठे, ते विचारीत हिंडत होतो. “तुम्ही मराठीचे, तुम्हांला फुटबॉलशी काय कर्तव्य?” एकाने विचारलेच.

कर्तव्य होते ते आजोबांपायी. मराठवाड्याला आपले विद्यापीठ मिळाले १९५८ साली. तोवर जालन्याकडच्या मुलाला पदवी हवी, तर बहुधा उस्मानिया गाठावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू. आजोबा सांगत, “वर्गात उर्दू, खोलीवर मराठी; पण गोल झाला की दोन्ही भाषांत एकदमच ओरडत असू!”

१९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्याबरोबर आजोबाही बाहेर पडले. अशा मुलांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. आजोबा तिथेच पदवीधर झाले. पुढे उस्मानियाचे नाव घरात काढायची सोय नव्हती.

अपवाद एकाच माणसाचा, सय्यद अब्दुल रहीम यांचा. हे शाळामास्तर उस्मानियाचेच खेळाडू. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्याच हाताखाली आपला संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताहून आशियाई सुवर्णपदक घेऊन परतला. १९६३ साली कर्करोगाने रहीमसाहेब गेले. बातमी आली त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत.

आजी एकदा टोचून म्हणाली होती, “अहो, ज्या शहरातून रागाने निघून आलात, तिथल्या पोलिसांचं एवढं कौतुक?”

“विद्यापीठ सोडलं,” आजोबा म्हणाले, “मैदान कुठे सोडलं होतं?”

शेवटी मैदान सापडले. पोरे खेळत होती. चेंडू माझ्याकडे आला. परत लाथाडताना माझी चप्पलच पुढे गेली. पोरे पोटभर हसली.

जालन्यास परतलो, तो आमच्या कॉलेजच्या मैदानावर नवी इमारत उठवण्याचा ठराव बैठकीपुढे आलेला. विरोधात एकच हात वर झाला, माझा. सगळ्यांनी वळून पाहिले आणि पुन्हा तोच प्रश्न आला, “सर, तुम्हांला फुटबॉलशी काय कर्तव्य?”

या वेळी उत्तर द्यायला मी उठून उभा राहिलो.