गुग्गुळही डॉक्टरांना दाखवा

गुडघ्याला निरगुडीच्या पाल्याचा शेक, कंबरेला महानारायण तेल, सांधे आखडले की गुग्गुळाच्या गोळ्या. अमेरिकेत येऊन कितीही वर्षे झाली तरी आपल्या घरांतून हे उपचार गेलेले नाहीत, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, की इथल्या डॉक्टरांसमोर आपण त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

"कोणकोणती औषधे घेता?" असे विचारल्यावर रक्तदाबाची गोळी सांगितली जाते, गुग्गुळ राहून जातो. डॉक्टर हसतील, रागावतील, ही भीती. पण अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेच २०१७ साली कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी शेक, मालीश, अ‍ॅक्युपंक्चर सुचवले. जुनाट दुखण्यासाठी व्यायाम आणि योगही.

शेक आणि पोटात घ्यायची गोळी यांत मात्र फरक केलाच पाहिजे. महायोगराज गुग्गुळाच्या पाठातच नागभस्म आणि रससिंदूर आहेत, म्हणजे शिसे आणि पारा. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिसे अंगात भिनले की पोट दुखते, शौचाला होत नाही, रक्त कमी होते. गोळ्यांचा पत्ताच नसलेले डॉक्टर कारण भलतीकडे शोधत राहतात. साध्या रक्ततपासणीत शिसे सापडते, पण ती तपासणी करायचे त्यांना सुचावे कसे? गर्भवतींच्या बाबतीत तर ही लपवाछपवी बाळालाही भोवते. चोळायचे औषधही नेहमीच निर्धोक नसते. वॉरफरीन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने विंटरग्रीन तेलाचा बाम वरचेवर लावला, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

"आयुर्वेदाला अपाय नाही" हे पालुपद आयुर्वेदावरच अन्याय करते. शोधन, मात्रा, पथ्य, वैद्याची देखरेख हा त्या शास्त्राचाच आग्रह आहे. दुकानातून डबी उचलून वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहणे त्यात कुठेच बसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या डब्या, बाटल्या, चूर्णाच्या पुड्या पिशवीत घालून न्या. भारतातून आलेल्या आई-बाबांना इंग्रजीत सांगणे जड जात असेल, तर मुलांनी सोबत बसावे किंवा दुभाषा मागावा. आणि आपल्या मराठी मंडळाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजतात, त्याच टेबलाशेजारी ही पिशवी तपासायला एक फार्मासिस्ट बसवावा, अशी माझी कार्यकारिणीला आग्रहाची विनंती आहे.