वंशवृक्षाला मुलींच्या फांद्या कधी फुटणार?

नाताळ आणि नववर्ष यांमधला आठवडा आणि मे महिन्याची सुट्टी हे आता आपल्या वसई परिसरात कुटुंबमेळाव्यांचे हंगाम होऊन बसले आहेत. कुणा घराण्याचा मेळावा दर वर्षी भरतो, कुणाचा तीन वर्षांनी, कुणाचा पाच. पणजोबांच्या नावाने मांडव पडतो, फाटकावर फ्लेक्स लागतो, घरटी वर्गणी गोळा होते. आखातातून आणि कॅनडातून आलेली मंडळी प्रवासाचा शीण विसरून चुलत-मावस भावंडांच्या गळ्यात पडतात. सकाळी पवित्र मिस्सा, मग न्याहारी, ज्येष्ठांना शाल, दहावी-बारावीच्या मुलांचे कौतुक, हाऊजी, दुपारचे जेवण आणि संध्याकाळी डीजे. निरोपाच्या वेळी घराघराच्या हाती एक स्मरणिका पडते. तिच्या मधल्या दोन पानांवर घराण्याचा वंशवृक्ष मोठ्या हौसेने छापलेला असतो.

या मेळाव्यांचे आम्ही विरोधक नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. ते सुरू झाले त्यामागे एक खरी निकड होती. आपल्या आजोबांच्या काळी कुणाला मेळावा भरवावा लागत नव्हता. एका ओट्यावर तीन भावांच्या चुली होत्या, एकाच बावखलावरच्या रहाटाचे पाणी साऱ्यांच्या वाडीला जात होते, आळीच्या क्रुसापाशी संध्याकाळची प्रार्थना सगळे मिळून म्हणत होते. लग्नाचा मांडव आणि मृताची मिस्सा हेच त्यांचे मेळावे होते. पुढे लोकलगाडीने माणसे मुंबईच्या नोकऱ्यांना जोडली गेली, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि भाऊ भावाला मजल्याच्या क्रमांकाने ओळखू लागला. घर फुटले, म्हणून मेळावा जन्माला आला. विखुरलेल्यांना एकत्र आणण्याची ही धडपड निश्चितच आदरास पात्र आहे.

आमची तक्रार आहे ती त्या मधल्या दोन पानांविषयी.

हा वंशवृक्ष वाचकांनी एकदा नीट न्याहाळावा. मुळाशी एक पुरुष असतो. त्याला चार मुलगे. त्या चौघांना अकरा मुलगे. बहुतेक वृक्षांत मुलींची नावेच नसतात. काहींत ती असतात, परंतु त्यांच्यापुढे फांदी नसते. मुलगी तिथेच संपते. तिची मुले, तिची नातवंडे या झाडाची पाने नव्हेत. आणि ज्या स्त्रियांच्या पोटी हे सारे घराणे वाढले, त्या सुना तर कंसातदेखील सापडत नाहीत. आपण मोठ्या अभिमानाने सहा पिढ्यांचा इतिहास छापतो, आणि त्या सहा पिढ्यांत एकही आई नाही!

आमच्याच घराण्याच्या एका मेळाव्यात आमची एक आत्या आली होती. वय ऐंशीच्या पुढे, हाताला धरायला तिच्या मुलीचा मुलगा. मुलगा शाळकरी, चौकस. स्मरणिका उघडून तो आजीचे नाव शोधू लागला. आजीचे चारही भाऊ त्याला सापडले, त्या भावांचे पणतू सापडले. आजी सापडेना. "तू कुठे आहेस?" असे त्याने विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "आम्ही परक्या घरच्या, बाबा." ती अगदी सहज बोलली, तिला त्यात काही दुखल्याचे दिसले नाही. दुखले ते आम्हांला, कारण त्या स्मरणिकेची मुद्रिते आम्हीच तपासली होती. जोडाक्षरांच्या चुका आम्ही काढल्या. गाळलेल्या माणसांची चूक आमच्या नजरेस आली नाही.

कुणी म्हणेल, कागदावरच्या झाडासाठी एवढा आक्रोश कशाला? आमचे उत्तर असे की हे झाड केवळ कागदावरचे नाही. त्याच्या शेजारी सातबाऱ्याचा उतारा ठेवून पाहा. दोन्हींकडे नावे सारखीच निघतील. जी मुलगी स्मरणिकेत नाही, ती तलाठ्याच्या दप्तरातही नाही. वारसनोंदीच्या वेळी तिचे नाव लागले असलेच, तर पुढच्या फेरफाराने ते उतरले आहे. त्या आत्यानेही अनेक वर्षांपूर्वी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठा उमटवला होता. परतताना भावांनी तिला चहा पाजला आणि एक लुगडे घेतले. त्या लुगड्याची गोष्ट आमच्या घरात भावांच्या प्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली जात असे. आम्हीही ती तशीच ऐकली आणि तशीच सांगितली.

या बाबतीत कायद्याला दोष देण्याची सोय आपल्याला नाही. हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ सालची दुरुस्ती यावी लागली. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा मात्र १९२५ सालचा आहे. मृत्युपत्र न करता पिता निवर्तला आणि मागे पत्नी व मुले असली, तर एक तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेला दोन तृतीयांश मुलांचा, असे तो सांगतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. केरळात जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या कायद्याने ख्रिस्ती मुलींचा वाटा कापला होता. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८६ साली तो निकाल मुलींच्या बाजूने लागला. आपल्याकडे लढण्यासाठी असा कायदाही नव्हता. शंभर वर्षे न्याय्य कायदा हाती असताना आपण प्रेमाच्या नावाखाली तो सह्या घेऊन मोडीत काढला. हे पाप सरकारचे नाही, परक्यांचे नाही. ते निखळ आपले आहे.

यावर नेहमीची तीन उत्तरे येतात. पहिले असे की मुलीला लग्नात दिले. लग्नात काय दिले आणि आज गुंठ्याचा भाव काय आहे, याचा हिशोब करण्याचे धैर्य ज्याला असेल त्याने तो करावा. शिवाय लग्नाचा खर्च मुलग्याचाही होतो. म्हणून कुणी त्याच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरे उत्तर असे की जमिनीचे तुकडे होतील. ज्या काळी त्या जमिनीत केळी आणि पानवेली पिकत होत्या, त्या काळी या उत्तरात काही तथ्य होते. आज भावाभावांनी जमीन बिल्डरच्या हवाली केल्यानंतर तुकड्यांची चिंता कुणाला उरली आहे? एकोणिसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईचे आंदोलन उभे राहिले तेव्हा माती आणि पाणी वाचवण्यासाठी आपल्या आयाबहिणीही रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याआधीही त्याच पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जात होत्या. जमीन राबण्यासाठी त्यांची, वाचवण्यासाठी त्यांची; वाटणीच्या दिवशी तेवढी ती भावांची!

तिसरे उत्तर सर्वांत गोड आहे. आनंदाच्या दिवशी भांडणाचा विषय कशाला? आम्ही विचारतो, हा आनंद नेमका कुणाचा? जो मेळावा कुणाच्या तरी गप्प राहण्यावर उभा आहे, त्याला एकोपा म्हणता येत नाही. ती केवळ शांतता आहे, आणि तिची किंमत एकाच बाजूने मोजली आहे.

मेळाव्याची सुरुवात आपण पवित्र मिस्साने करतो, म्हणून पवित्र शास्त्राकडे वळणे आपल्याला भाग आहे. संत मत्तयचे शुभवर्तमान वंशावळीनेच उघडते. तीही बापाकडून मुलाकडे जाणारी ज्यू परंपरेतली वंशावळ आहे. तरीदेखील शुभवर्तमानकाराने तिच्यात तामार, राहाब, रूथ, उरीयाची पत्नी आणि शेवटी पवित्र मरिया अशा पाच स्त्रिया आणल्या आहेत. त्यांतल्या राहाब आणि रूथ तर परक्या लोकांतल्या. तारणाऱ्याच्या घराण्याला परक्या घरच्या स्त्रियांची नावे लिहिण्याची लाज वाटली नाही. आपल्या स्मरणिका-समित्यांना मात्र स्वतःच्या लेकींसाठी जागा पुरत नाही.

गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी मोशेसमोर उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे, असे त्या साऱ्या मंडळीसमोर विचारतात. मोशे तो प्रश्न देवापुढे नेतो, आणि त्या बहिणींचे म्हणणे रास्त आहे असा देवाचा निर्णय येतो. पुढे छत्तिसाव्या अध्यायात वंशाचे प्रमुख तक्रार घेऊन येतात आणि बहिणींवर आपल्याच वंशात विवाह करण्याची अट पडते, हेही आम्ही लपवत नाही. पण त्या अटीनंतरही त्यांचा वाटा कुणी काढून घेतला नाही. आपल्या बहिणी इतक्या साऱ्या मंडळीत उभ्या राहून बोलत नाहीत, एवढाच फरक आहे.

ख्रिस्तसभेचा व्यवहारही आपल्याहून उदार आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बाळाच्या नावासोबत आई आणि वडील या दोघांची नावे लिहावीत, धर्ममातापित्यांचीही लिहावीत, असा धर्मसभेचा नियम आहे. आमच्या पणजीला घरात सारे 'थोरली' एवढेच म्हणत. तिचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. ते आम्हांला धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवहीत, आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या ओळीत सापडले. घराण्याने हरवलेले नाव चर्चने जपून ठेवले होते. आता तर राज्य शासनानेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा नियम केला आहे. चर्चची वही आईला ओळखते, सरकारची वही आईला ओळखते. तिला न ओळखणारी आता केवळ आपली स्मरणिका उरली.

आणखी एक गोष्ट. ज्या रक्ताच्या अभिमानाने हे वृक्ष काढले जातात, ते रक्त आपल्या आडनावांत तरी कुठे आहे? पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूंची किंवा धर्मपित्यांची आडनावे आपल्या पूर्वजांना मिळाली. म्हणून एकाच आडनावाची दोन घरे सख्खी असतीलच असे नाही. 'कुपारी' हे समाजनामही पोर्तुगीज 'कोंपाद्रे' या शब्दावरून आले असे मानले जाते, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे मुलाच्या बाप्तिस्म्याने जुळलेला सोयरा. ज्यांची ओळखच बाप्तिस्म्याच्या नात्यावर उभी आहे, त्यांनी दुसऱ्या समाजात लग्न केलेल्या पुतणीला मेळाव्याचे आमंत्रण धाडू नये, वर्गणी न परवडणाऱ्या विधवेला यादीतून गाळावे, याला काय म्हणावे? मेजवानीला भाऊबंद आणि धनवान शेजारी बोलावू नका, ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलवा, असे प्रभू येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात बजावले आहे. आपण भाऊबंदांतलेही परतफेड करू शकणारेच निवडतो.

जुन्या करारात घराण्याच्या मेळाव्याचा एक मोठा नमुना आहे, तो म्हणजे ज्युबिली वर्ष. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायानुसार पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपल्या कुळाकडे परतायचे आणि त्याच वर्षी गमावलेली जमीनही मूळ कुटुंबाकडे परतायची. कुळाकडे परतणे आणि हक्क परत मिळणे या त्या व्यवस्थेत दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. २०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने ज्युबिली म्हणून पाळले. आपणही तीर्थयात्रा केल्या, पवित्र दारातून गेलो. स्वतःच्या घराचे दार बहिणीसाठी किती जणांनी उघडले?

आमच्या मागण्या थोड्या आहेत. पुढचा वंशवृक्ष छापण्यापूर्वी समितीने धर्मग्रामाच्या कचेरीत जाऊन नोंदवह्या पाहाव्यात आणि प्रत्येक पिढीतली आई नावानिशी लिहावी. मुलीच्या नावापुढे फांदी काढावी आणि ती फांदी वाढू द्यावी. कागद पुरला नाही तर जाहिरातींची पाने कमी करावीत. माहेरवाशिणींना पाहुण्या म्हणून न बोलावता समितीत घ्यावे. वर्गणीचा आकडा कुणाच्या आमंत्रणाआड येऊ देऊ नये. आणि ज्यांच्या घरी अजून वाटणी व्हायची आहे, त्यांनी हक्कसोडपत्राचा मसुदा बहिणीपुढे ठेवण्याआधी कायद्याने तिचा हिस्सा किती होतो ते तिला समजेल अशा शब्दांत सांगावे. मग तिने तो स्वखुशीने सोडला तर ते दान होईल. आजवर झाले ते दान नव्हते.

आमच्या घराण्याचा पुढचा मेळावा येत्या मे महिन्यात आहे. वंशवृक्ष आम्ही नव्याने मांडायला घेतला आहे. आत्याची फांदी मोजली तेव्हा ती चारही भावांच्या फांद्यांहून मोठी निघाली. दोन पानांत आता हे झाड मावत नाही, अशी समितीतल्या एका ज्येष्ठांची तक्रार आहे. ती खरी आहे. आजवर ते मावत होते, कारण निम्मे झाड आपण छाटून टाकले होते.