कानाच्या पाळीला हात

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत एक दृश्य ठरलेले असते. गायक स्थानापन्न होतो, तानपुरे जुळतात आणि निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगतो : तबल्यावर अमुक, संवादिनीवर तमुक, तानपुऱ्यावर अमुक आणि तमुक. प्रत्येक नावाला कमी-जास्त टाळ्या पडतात. पुढे गायक एखादी बंदिश मांडताना ती कुणाची, कुणाकडून मिळाली हेही सांगतो, आणि गुरूचे नाव ओठांवर येताच त्याचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो. आपल्या हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही.

आता दुसरा मंच पाहा. मुंबईतला एखादा फॅशन शो. दिवे मंदावतात, संगीत सुरू होते आणि पंधरा-वीस मिनिटांत डिझायनरचे नवे कलेक्शन, म्हणजे एका हंगामासाठी एका कल्पनेभोवती बेतलेले पोशाख, एकामागून एक समोरून चालत जातात. शेवटी डिझायनर येतो, हात जोडतो, टाळ्या घेतो. कापड कुणाच्या मागावर विणले, जरदोजी कुणी भरली, बेतून-शिवून कुणी दिले, यातले काहीही कानावर पडत नाही. इथे निवेदक नसतो आणि कानाच्या पाळीला हातही जात नाही.

या दोन्ही मंचांचे वेड असलेल्या पिढीतला मी एक. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबी गाण्याचे वेड म्हणजे चांगले संस्कार आणि कपड्यांचे वेड म्हणजे पैशांची उधळपट्टी. मला मात्र ही दोन वेडे सख्खी भावंडे वाटतात. ध्वनिमुद्रित गाणे आणि समोर बसून ऐकलेले गाणे यांत जे अंतर, तेच छायाचित्रातला पोशाख आणि चालत्या अंगावरचा पोशाख यांत. रेशीम वळताना कसे पडते, काठाचे वजन निरीला कसे ओढते, हे फोटोत दिसत नाही. दोन्हीकडे जे घडते ते त्या घटकेला, आपल्यासमोर, जिवंत माणसांकडून घडते. म्हणूनच एकीकडचा शिष्टाचार दुसरीकडे का नसावा, हा प्रश्न मला पडतो.

गाणे आणि पोशाख यांची सोयरीक आजकालची नाही. १९७०च्या दशकात लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लॅरन यांच्या कपड्यांच्या दुकानाभोवतीच ‘सेक्स पिस्टल्स’ हा बंडखोर वाद्यवृंद उभा राहिला, आणि फाटके कपडे व सेफ्टी पिना हा साऱ्या पंक संगीताचा गणवेश झाला. अगदी अलीकडे, २०२३ साली, लुई व्हिताँ या फ्रेंच घराण्याने आपल्या पुरुषांच्या पोशाखांची धुरा फॅरेल विल्यम्स या संगीतकाराकडे सोपवली. त्याचे पहिले कलेक्शन पॅरिसमधल्या सीन नदीवरच्या पुलावर सादर झाले आणि त्यानंतर तिथेच जे-झी गायला. शो कुठला आणि जलसा कुठला, हे सांगणे कठीण व्हावे.

पण इतक्या लांब जायचे कारण नाही. आपल्याकडे हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, भामिनी किंवा रुक्मिणी होऊन रंगमंचावर येत, तेव्हा प्रेक्षक गाणे ऐकायला आलेले असत आणि लुगडे, शालू, दागिने, केसांतला गजरा हे सारे डोळ्यांत साठवून घरी जात. त्यांची नेसण, त्यांची वेणीफणी सुखवस्तू घरांतल्या बायका उचलत. पुरुषाने घालून दिलेली स्त्रीवेषाची फॅशन, आणि तीही नाट्यपदाच्या साथीने! १९१३ साली सुरू झालेली गंधर्व नाटक मंडळी खऱ्याखुऱ्या उंची वस्त्रांवर आणि अत्तरांवर पाण्यासारखा पैसा खर्च करी. कंपनी कर्जात बुडाली तेव्हा त्या हौसेचाही त्यात वाटा होता.

आता या वैभवाची जमाखर्चाची वही दुसऱ्या बाजूने उघडू. बालगंधर्वांना तबल्याची साथ अहमदजान थिरकवा यांची होती आणि सारंगीची कादरबक्ष यांची, हे आजही जाणकार घरातला कुणीही आजोबा सांगेल. पण त्या भरजरी शालूंचे आणि पैठण्यांचे विणकर कोण? मराठी रंगभूमीवर लिहिल्या गेलेल्या पानांत त्या वस्त्रांचे कौतुक ठायी ठायी आढळते. विणणाऱ्याचे नाव माझ्या वाचनात कुठे आलेले नाही. सूर लावणाऱ्याचे आणि ठेका धरणाऱ्याचे नाव उरले, धागा धरणाऱ्याचे विरून गेले.

ही काही एका नाटक मंडळीची चूक नव्हे. गावगाड्यात कारागिराला जात होती, नाव नव्हते. साळी, कोष्टी, चांभार एवढी ओळख गिऱ्हाईकाला पुरत असे. तो हिशेब आपण विसाव्या शतकात मिटवायला हवा होता. तो तसाच पुढे चालत आला आणि २०२५ साली थेट इटलीतल्या मिलान शहरात उघडा पडला.

त्या वर्षी जून महिन्यात प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे नवे कलेक्शन सादर केले. मॉडेलच्या पायांत ज्या चपला होत्या त्या कुठल्याही मराठी माणसाने झोपेतही ओळखल्या असत्या. कंपनीने मात्र त्यांचे वर्णन चामड्याचे सँडल एवढेच केले होते. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचे नाही. इकडे संतापाची लाट उसळली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, आणि मग या चपला भारतातल्या पारंपरिक हस्तकलेवरून स्फुरल्याचे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही झाला.

आपला संताप रास्तच होता. पण तो ओसरल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या घरातल्या कोल्हापुरीचा कारागीर आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, वर ती नाजूक वेणी. हे काम एका जोडामागे कितीतरी हातांतून जाते, आणि त्यात घरातल्या बायकांचा वाटा मोठा असतो. आपण दुकानाचे नाव सांगतो, फार तर गावाचे. मिलानमध्ये गावाचे नाव गाळले गेले म्हणून आपण चिडलो. माणसाचे नाव तर आपणही कोल्हापुरातच गाळत आलो आहोत.

याला काहीजण उत्तर देतात की आता भौगोलिक मानांकन आहे. खरे आहे. पैठणीला ते २०१० साली मिळाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी मिळून. मानांकनामुळे नकली मालाला आळा घालायला कायद्याचा आधार मिळतो. पण ते मुलखाचे नाव जपते, हाताचे नाही. संगीतात असे कधी चालले असते का? ‘आज किराणा घराण्याचे गायन होईल’ एवढेच फलकावर लिहून कुणी तिकिटे विकली नसती. घराण्याचे नाव असतेच, पण त्याआधी माणसाचे असते.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा आणि डिझायनरांचा, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. विणकराचे नाव जाहीर केले की स्पर्धक थेट त्याच्या दारात उभा राहणार, मग आम्ही त्याच्यावर केलेली गुंतवणूक पाण्यात. शिवाय एका पोशाखामागे वीस-पंचवीस माणसे; सगळ्यांची नावे घेत बसलो तर शो संपायचा कधी? यातल्या दुसऱ्या भागाचे उत्तर चित्रपटाने कधीच देऊन ठेवले आहे. तिथल्या श्रेयनामावलीत प्रकाशयोजनेच्या सहायकापासून चहापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे सरकत जातात. पहिल्या भागाचे उत्तर संगीताच्या इतिहासात आहे. चांगला तबलजी दुसऱ्या गायकाकडे जाईल ही भीती कुठल्या गायकाला नव्हती? तरीही नाव घेण्याची रीत पडली, आणि तिने गाण्याचे नुकसान झाले नाही.

उलट काय झाले ते पाहा. एके काळी तबला आणि सारंगी वाजवणाऱ्यांकडे समाज फारशा आदराने पाहत नसे. मुख्य कलाकाराच्या मागे बसायचे, मिळेल ती बिदागी घ्यायची. मग लोकांना नावे कळू लागली, नावांवरून हात ओळखू येऊ लागले, आणि एका आयुष्याच्या अवधीत चित्र पालटले. मुंबईत राहून सारंगी वाजवणाऱ्या पंडित रामनारायण यांनी १९५०च्या दशकात साथ सोडून सारंगीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला. माहीमला वाढलेल्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्या नावावर तर सभागृहे भरू लागली. हे दोघेही २०२४च्या अखेरीस गेले तेव्हा त्यांच्यावर अग्रलेख लिहिले गेले. साथीदार म्हणून ज्या वाद्यांकडे पाहिले जाई, त्यांच्या वादकांना मिळालेला हा मान आकाशातून पडलेला नाही. त्याची सुरुवात नाव घेण्यापासून झाली. नाव झाले की मानधनाची बोलणी करता येतात. निनावी माणसाला फक्त मजुरी मिळते.

संगीतवाल्यांनी यावर फार खूश होऊ नये. ज्या तानपुऱ्यावर ही सगळी इमारत उभी राहते, तो बनवणाऱ्याचे नाव कुठला निवेदक घेतो? मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या भोपळे पारखले जातात, दांड्या घडवल्या जातात, जवारी काढली जाते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली मानांकन मिळाले ही आनंदाची गोष्ट. पण ‘आजचे तानपुरे अमुक कारागिरांचे’ हे वाक्य एखाद्या संगीत महोत्सवात ऐकायला मिळेल तर त्या गल्लीतल्या एखाद्या तरुणाला वडिलांच्या शेजारी बसावेसे वाटेल.

मुख्य प्रश्न तोच आहे. येवल्यात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराचे पोर आमच्याच वयाचे आहे. पैठणीच्या पदरावरचा एक मोर विणायचा तर रंगागणिक वेगळी कांडी फिरवावी लागते, धागे मोजून एकमेकांत अडकवावे लागतात आणि दिवसाकाठी पदर काही बोटेच पुढे सरकतो. हे कसब हातात असलेल्या मुलाने ते सोडून शहरात नोकरी धरली, तर त्याला दोष कसा द्यायचा? नोकरीत निदान छातीवर नावाचा बिल्ला तरी मिळतो. नावाने पोट भरत नाही, हे मान्य. परंतु नाव नसलेल्या कामाला बाजारात भाव मागता येत नाही.

काही चांगली पावलेही पडली आहेत. मार्च २०२३ मध्ये डिऑर कंपनीने गेट वे ऑफ इंडियासमोर आपले कलेक्शन सादर केले तेव्हा ज्यांच्याकडून भरतकाम करून घेतले त्या मुंबईच्या ‘चाणक्य’ कार्यशाळेचे नाव कंपनीच्या बरोबरीने घेतले गेले. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलांना क्यूआर कोड देण्याची योजना आणली. तो मोबाईलवर वाचला की चप्पल बनवणारा कारागीर किंवा बचत गट कोण, ते कळावे अशी तिची आखणी आहे. मला हे पाऊल मोठ्या करारांइतकेच मोलाचे वाटते.

बाकीचे काम आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचे. लग्नसराईत पैठणी घ्यायला सारे घर जाते. रंग, काठ, किंमत यांवर तासभर खल होतो. तेव्हा पदर उलटून पाहावा : हातमागावरची पैठणी असेल तर मागची नक्षीही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, लोंबते धागे नसतात. आणि मग दुकानदाराला विचारावे, ही विणली कुणी? पहिल्यांदा तो चमकेल. ‘येवल्याची आहे’ म्हणेल. ‘येवल्यात कुणी?’ असे पुन्हा विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्यासाठी तो नाव लिहून ठेवील, आणि मुंबईच्या झगमगत्या मंचावरचे डिझायनरही फार काळ मागे राहणार नाहीत. मग घरी आल्या-गेल्याला पैठणी दाखवताना किमतीच्या आधी ते नाव सांगता येईल.