एका सहीचे आयुष्य किती?

मनोविकारांच्या संशोधनातील मूळ अडचण साधीच आहे: ज्या अवयवात विकार आहे, त्याचा तुकडा केवळ अभ्यासासाठी जिवंत माणसाकडून घेता येत नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ साली या कोंडीतून वाट दाखवली. चार जनुकांच्या साहाय्याने उंदराची त्वचापेशी पुन्हा मूळपेशीच्या अवस्थेत नेता आली; २००७ मध्ये मानवी पेशींतही ते साधले. आज रुग्णाच्या थोड्याशा रक्तापासून त्याच्याच जनुकीय वारशाच्या चेतापेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात.

बेंगळुरूत निम्हान्स, एनसीबीएस आणि इन्स्टेम या संस्थांनी मिळून हे काम हाती घेतले. ज्या कुटुंबांत स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार अनेकांना आहे, अशा कुटुंबांतील आजारी व निरोगी व्यक्तींच्या पेशींची तुलना तेथे होते. जगातील जनुकीय अभ्यास प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला असताना असे काम भारतात होणे अगत्याचे आहे.

म्हणूनच संमतीचा प्रश्न आताच विचारला पाहिजे. रक्त एकदाच दिले जाते. पेशी मात्र द्रव नायट्रोजनमध्ये दशकानुदशके टिकतात. त्यांवर उद्या कोणते प्रयोग होतील, हे सही घेणाऱ्यालाही आज ठाऊक नसते. शिवाय एकाच्या जनुकांतून भावंडांचे आणि मुलांचेही गुपित उघड होते. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांना न विचारता संशोधनासाठी वापरल्या गेल्या. त्याचे पडसाद अजून विरलेले नाहीत.

अटी वाढल्या की संशोधन मंदावते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण ज्या समाजात मनोविकार लपवला जातो, तेथे विश्वास हेच संशोधनाचे खरे भांडवल आहे. तो गेला, तर रक्त द्यायला कोण पुढे येईल? संमतिपत्र दात्याच्या भाषेत असावे, नवा उपयोग ठरल्यास त्याला पुन्हा विचारावे आणि माघारीचा मार्ग खुला असावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: हे संशोधन आहे, उपचार नव्हे. रक्तविकारांसारख्या मान्य उपयोगांपलीकडे, चाचणीबाहेर मूळपेशी टोचणे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनैतिक ठरवले आहे. तरीही आशेचा बाजार मांडणारे आहेतच. प्रयोगशाळेतील यशाची बातमी सांगताना ही सीमारेषा न पुसणे, हे विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.